मुकादम 'काका' म्हणतो तेव्हा

(परळ येथे युवकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मी गोदीत ठेक्यावर माल उतरवतो. दहावी पास आहे. माझी आजी अजून त्याला मॅट्रिक म्हणते. कविता लिहितो म्हणून तुम्ही मला बोलावलंत. पण आज कविता वाचायची नाही. आज मला माझ्या बापाबद्दल बोलायचं आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असाच एक बाप बसून असेल, म्हणून बोलतो.

माझ्या बापानं 2023 साली, आयुष्यात पहिल्यांदा, केस काळे केले. नाक्यावरून डायची पुडी आणली. मोरीत बसून आईकडून लावून घेतली. आईनंही पहिल्यांदाच लावली, त्यामुळं कानाच्या पाळ्याही काळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बाप दादरला गेला. वॉचमन पुरवणारी एक एजन्सी आहे, तिथं. टेबलामागं माझ्याच वयाचा एक पोरगा. त्यानं केसांकडं पाहिलंसुद्धा नाही. आधार कार्ड मागितलं. कार्डावर जन्मतारीख 1 जून 1970. पोरगा म्हणाला, "काका, पंचेचाळीसच्या आतले पाहिजेत."

बाप घरी आला नि म्हणाला, "केस काळे केले रे, पण आधार कार्ड कशानं काळं करू?"

आम्ही सगळे हसलो. हसू थांबल्यावर कोणी कोणाकडं बघेना.

ही 1 जून तारीख तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या चाळींत घरटी एकाचा तरी जन्म 1 जूनचा निघतो. आपल्या आयांनी पोरं जन्माला घातली, तारखा मास्तरांनी घातल्या. आजी सांगते, तुझा बाप बहात्तरच्या दुष्काळात झाला. मास्तरनं शाळेत लवकर बसवायला दोन वर्षं वाढवून लिहिली. त्या दोन वर्षांनी एजन्सीत काही फरक पडला नसता म्हणा, पंचेचाळिशी तर केव्हाच मागं पडली होती. पण ज्या तारखेवर माणसाचं पोट ठरतं, ती तारीखसुद्धा आमची नाही, ही गंमत ध्यानात ठेवा.

बाप सव्वीस वर्षं लोअर परळच्या एका गाळ्यात छापखान्यात हेल्पर होता. मशीनच्या आवाजावरून सांगायचा की कागद तिरका चाललाय. 2020 च्या लॉकडाऊनला मालकानं शटर ओढलं, ते परत वर गेलंच नाही. नेमणुकीचं पत्र नाही, फंड कापलेला नाही, सव्वीस वर्षांचा एक चिटोरा नाही. आता जिथं जावं तिथं विचारतात, अनुभवाचा दाखला आणा. अनुभव बापाच्या हातात आहे. दाखला देणारा मालक फोन उचलत नाही.

मग सांगतात, मोबाईलवर शोधा. डिलिव्हरीचं काम करा. त्याला मोठा फोन लागतो, गाडी लागते, लायसन लागतं, नि चौथ्या मजल्यावर पळत जाणारे गुडघे लागतात. हमालीला जावं तर मुकादम पाठीकडं बघतो. झाडलोटीला जावं तर सुपरवायझर म्हणतो, बाई पाहिजे. बापानं तीन वर्षांत किती दारं पाहिली ते तो सांगत नाही. एवढंच सांगतो, "सगळे चांगलं बोलतात रे. काका म्हणतात."

दोस्तहो, हा 'काका' शब्द नीट ऐका. तरण्या मजुराला मुकादम 'ए' म्हणतो, 'अबे' म्हणतो, शिवी देतो. ती शिवी म्हणजे हजेरी असते. ज्या दिवशी तो 'काका' म्हणतो, त्या दिवशी तुमचं काम संपलं. आपल्याला जन्मात जो मान कोणी दिला नाही, तो नेमका हाकलताना देतात.

आता मला सांगा, माणूस म्हातारा कधी होतो? 2013 च्या कंपनी कायद्यानं मॅनेजिंग डायरेक्टर सत्तरीपर्यंत खुर्चीत बसू शकतो, नि सत्तरीनंतर भागधारकांनी खास ठराव केला की आणखी पुढंही बसू शकतो. खासदार व्हायला कमीत कमी 25 वय लागतं, जास्तीत जास्त किती याला मर्यादाच नाही. महाराष्ट्र सरकारनं 2016 साली नोकरीत शिरण्याची वयोमर्यादा वाढवली, ती खुल्या वर्गाला 38 नि मागासवर्गीयांना 43. वाढवून एवढी! म्हणजे चव्वेचाळिसाव्या वर्षी सरकारचं दार बंद, पंचेचाळिसाव्या वर्षी वॉचमनचं दार बंद, नि पेन्शनला अठ्ठावन्न पूर्ण व्हावी लागतात. मधली तेरा वर्षं माणसानं काय खायचं? आणि ती पेन्शन तरी केवढी? कामगारांच्या 1995 च्या पेन्शन योजनेत 2014 साली कमीत कमी रक्कम ठरवली ती महिना हजार रुपये. ज्याचा फंडच कापला नाही, त्याला तीही नाही.

म्हणून मी म्हणतो, मजुराचं वय कॅलेंडरवर ठरत नाही. त्याच्या अंगातलं किती काढून घेतलं, नि आता किती उरलंय, हे बघणाऱ्याच्या डोळ्यात ते ठरतं. आणि कोणाच्या अंगातलं कुठल्या खात्यात काढायचं, हे तर या देशात जातीनं ठरवलेलं.

हे मी पुस्तकातलं बोलत नाही. माझ्या आज्याचं सांगतो.

आजा 1958 साली, अठराव्या वर्षी, लालबागच्या एका गिरणीत बदली म्हणून लागला. पणजाही तिथंच होता. दोघंही रिंग खात्यात, ज्याला गिरणीत त्रासन म्हणत. साच्यावर नाही. का नाही? साच्यावरच्या विणकराला धोट्यातली कांडी संपली की नवी घालावी लागे, नि सुताचं टोक तोंडानं ओढून धोट्याच्या भोकातून बाहेर काढावं लागे. एकाच धोट्याला पाळीपाळीनं अनेकांची तोंडं लागायची. आमचं तोंड लागलं की धोटा बाटायचा! सुताला सगळ्यांची थुंकी चालत होती, फक्त आमची चालत नव्हती. नि साचेखात्यात पगार जास्त. म्हणजे विटाळ पाळायचा त्यांनी, नि त्याचे पैसे कापायचे आमच्या खिशातून. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला, साचेखातं आमच्या माणसांना उघडा म्हणून सांगितलं. पुढं साच्यावर आपली काही माणसं गेलीही. पण आमच्या घरात पणजाचं खातं आज्याला लागलं, जसं गावाकडं बापाचं काम पोराला लागायचं तसं.

ही जुनी गोष्ट आहे असं कोणी म्हणेल. थांबा. ती पन्नास वर्षांनी कुठं निघाली बघा.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. दत्ता सामंत पुढारी. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. 1946 च्या कायद्यानं मान्यता एकाच युनियनला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. म्हणून ज्यांच्यामागं कामगार होते त्यांच्याशी सरकार बोलेना, नि ज्यांच्याशी बोलत होतं त्यांच्यामागं कामगार नव्हते. तो संप आजतागायत कोणी रीतसर मागं घेतलेला नाही. आजा तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता.

ज्यांची कोकणात, घाटावर वीतभर का होईना जमीन होती, ते पावसाळ्यात गावी गेले. भात लावलं, नाचणी खाल्ली, टिकून राहिले. आमचं गाव साताऱ्याकडं. तिथं आमचं काय होतं? गावाबाहेरचं एक घर, नि ते पडलेलं. त्यामुळं आजा मुंबईतच उपाशी राहिला. काही घरांतल्या बायांनी खानावळी चालवून संसार ओढले. आमच्या आजीच्या हातची भाकरी विकत घेऊन खाणारा त्या वेळी त्या गल्लीत कोण होता?

दीड वर्षानं गिरणीचा भोंगा वाजू लागला. आजा गेटवर गेला. तिथं सांगितलं, जुनी नोकरी गेली, आता नव्यानं भरती व्हायचं. आजा म्हणाला, बरं, करा नवीन. त्यावर उत्तर मिळालं, नवीन माणूस त्रेचाळीस वर्षांचा नको!

बघा ही हुशारी. चोवीस वर्षांची नोकरी मोजायची म्हटलं की आजा नवा. नवा म्हणून घ्यायचं म्हटलं की आजा जुना. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात लिहिलेलं होतं की कमी केलेल्या कामगारांना पुन्हा भरतीच्या वेळी आधी विचारायचं. पण आज्याला कोणी 'कमी' केलंच नव्हतं. त्याच्या कागदावर शेरा होता, गैरहजर. 1986 साली केंद्र सरकारनं कायमच्या बंद पडलेल्या गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला. पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 25. त्यातही आजा बसला नाही. कारण त्याची गिरणी बंद नव्हती. ती चालू होती, फक्त आज्याशिवाय.

आता त्या धोट्याकडं परत या. आमच्या समोरच्या चाळीतला एक विणकर, आज्याच्याच वयाचा, भिवंडीला गेला. पावरलूमवर बारा तास, पगार निम्मा, फंड नाही, रजा नाही. हाल होते, पण हातात साचा होता; येत होतं ते काम विकून तो जगला. आज्याला भिवंडीत कोण विचारणार? पावरलूमवाला सूत विकत आणतो, काढत नाही. तिथं त्रासनवाल्याचं कामच नाही. साठ वर्षांपूर्वी धोट्याला तोंड लावू दिलं नाही, त्याचा हिशोब माझ्या आज्याच्या त्रेचाळिसाव्या वर्षी चुकता झाला. म्हातारपण सगळ्यांना येतं, मान्य. पण ते कोणाला हातात कसब देऊन येतं नि कोणाला रिकाम्या हातानं गाठतं, हे कोणी आधीच ठरवून ठेवलं होतं?

आजा मग दारूखान्यात लोखंड फोडायला गेला. नंतर रात्रीचा वॉचमन. संपात बापाची शाळा सातवीत सुटली. 2009 साली आजा गेला. 2012 साली गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली, तेव्हा आजी त्याच्या नावाचा कागद घेऊन टीव्हीसमोर बसली होती. ज्या माणसाला काम पाहिजे होतं, त्याला तीस वर्षांनी, मेल्यावर, चिठ्ठी टाकून घर देणार होते. तेही लागलं नाही.

आता माझं सांगतो. हे सांगताना मला लाज वाटते, पण तेच सांगायला आलोय.

गोदीत सकाळी गेटवर आम्ही उभे राहतो. ठेकेदाराचा मुकादम येतो, बोट दाखवतो. ज्याच्याकडं बोट, त्याला त्या दिवशी भाकरी. मी लागलो तेव्हा आमच्या टोळीत बारा जण होते. त्यात एक जुना माणूस, एकोणपन्नास वर्षांचा. माझा पाचवा दिवस. जहाजातून स्टीलची कॉइल वर उचलली, क्रेननं झोका घेतला, मी चुकीच्या बाजूला उभा. त्या माणसानं माझी कॉलर धरून मला मागं ओढलं. कॉइल माझ्या छातीच्या जागेवरून गेली. तो एवढंच म्हणाला, "साखळीकडं बघू नको, सावलीकडं बघ." ही अक्कल कुठल्या दाखल्यावर लिहिलेली असते?

दोन महिन्यांनी ठेकेदारानं बाराचे दहा केले. मुकादमानं मोजलं. माझ्याकडं बोट केलं, "ए, तू चल." नि त्या माणसाला म्हणाला, "काका, तुम्ही उद्या या." तो आठ दिवस रोज 'उद्या' आला. नवव्या दिवशी आला नाही.

आणि मी? मी गेटपास घेतला नि आत गेलो. काही बोललो नाही. त्या दिवसाची हजेरी मी खाल्ली. संध्याकाळी घरी आलो तर बाप दादरहून परत आलेला, कानाच्या पाळ्या काळ्या. तेव्हा मला कळलं की दादरच्या टेबलामागचा पोरगा मीच आहे. माझ्या बापाला जो काका म्हणून परत पाठवतो, तो नि मी एकाच माळेचे मणी. मला कोणाच्या तरी बापाच्या जागेवर उभं केलंय, नि माझ्या बापाच्या जागेवर दुसऱ्या कोणाला. अशी ही व्यवस्था आपल्याच पोरांच्या हातून आपलेच बाप बाहेर काढते. मालकाला हात लावावा लागत नाही.

मग मी गोदीतल्या जुन्या लोकांत बसून विचारायला लागलो, पूर्वी कसं होतं? ते म्हणाले, पूर्वी अगदी असंच होतं, गर्दीतून बोट दाखवून घ्यायचे. आणि मग बदललं. 1948 साली गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा झाला. त्या वेळी मजूरमंत्री होते बाबू जगजीवनराम, म्हणजे तेही आपल्यासारख्याच वस्तीतून आलेले. मुंबईत 1951 ला योजना आली. कामगाराचं नाव रजिस्टरवर चढलं. काम नंबरानं मिळू लागलं. आज तुझी पाळी, उद्या त्याची. हजर राहून काम नसलं तरी हजेरीचे पैसे. हे कोणी मेहेरबानीनं दिलं नाही, पी. डिमेलोंसारख्यांच्या मागं उभं राहून गोदी कामगार लढला तेव्हा मिळालं. त्या रजिस्टरनं एक मोठी गोष्ट केली. मुकादमाचा डोळा काढून घेतला. नंबराला केस नसतात, पांढरे नाहीत नि काळेही नाहीत. पन्नाशीचा माणूसही आपल्या नंबराला कामावर जायचा.

मग 1989 ला न्हावा-शेवा सुरू झालं, कंटेनर आले, शंभर माणसांचं काम क्रेन करू लागली. नव्वदच्या दशकात डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. जुन्यांच्या जागी नवी भरती होईना, ठेका आला. नि ठेक्याबरोबर मुकादमाचा डोळा परत आला. आमच्या आज्यांनी जे बोट मोडलं होतं, ते परत उगवलंय.

म्हणून दोस्तहो, वय झालेल्या माणसाला काम मिळत नाही, यावर दया दाखवून भागणार नाही. केस रंगवून भागणार नाही. तरुणांना नोकऱ्या नाहीत, म्हाताऱ्यांचं काय घेऊन बसलात, असं कोणी म्हणाला तर त्याला सांगा, तू पंचवीसचा आहेस, वीस वर्षांनी तूही काका होशील. जे बोट आज तुझ्याकडं वळलंय ते तुझं नाही. चेहऱ्यावरून घेणं बंद करून नंबरानं घेणं सुरू करायला लावणं, हाच यावरचा इलाज आहे.

आपण काय मागायचं? महापालिकेच्या नि सरकारच्या ठेक्यांत, मग ते सफाईचं असो की वॉचमनचं, निवृत्तीच्या वयाआधीची वयाची अट लिहू देऊ नका. ठेकेदाराच्या माणसांची यादी गेटवर लावा, नि कामाची पाळी त्या यादीप्रमाणं द्या. ज्याच्याकडं दाखला नाही त्याच्या कामाची साक्ष त्याच्याबरोबर काम केलेल्या चार जणांनी दिली तर ती मानली गेली पाहिजे. हे कायद्यात येईल तेव्हा येईल, त्यासाठी मोर्चे काढू. पण तोवर आपल्या हातात काही आहे की नाही?

आमच्या टोळीपुरतं एक आम्ही केलंय. दहा जण बसलो, भांडलो, दोन रात्री गेल्या. मग मुकादमाला सांगितलं, टोळी दहाचीच राहू दे, पण यादी बाराची. दोघं जण पाळीनं घरी राहतील, नि कोण राहणार ते आम्ही ठरवू. तो शिव्या देऊन गेला. दोन दिवस दुसरी टोळी लावली. त्या पोरांना कॉइल नीट लावता येईना, म्हणून आम्हाला परत बोलावलं. तो जुना माणूस परत आला. त्याच्या घरी बोलवायला मीच गेलो होतो. तो मला काही बोलला नाही, फक्त चहा पाजला. माझे महिन्याला चार दिवस जातात. चार दिवसांचे पैसे म्हणजे आमच्या घरी रेशन नि लाइट बिल आहे, हे खोटं बोलत नाही. नि मुकादम उद्या ही यादी फाडू शकतो, हेही ठाऊक आहे. फाडली तर परत लिहू. तुमच्या नाक्यावर, तुमच्या गाळ्यात, तुमच्या एजन्सीत अशी एक यादी लिहिता येते का बघा. दहा याद्या झाल्या की फाडायला जड जातं.

बाप सध्या एका सोसायटीत सकाळ-संध्याकाळ पाणी सोडतो. पगार किती ते विचारू नका, तो मलाही सांगत नाही. केस परत पांढरे झालेत. मी सांगितलंय, पुडी आणू नको.

जय भीम.